हुंकारासकट

कामारोन दे ला इस्ला या स्पॅनिश गायकाची 'पारीस १९८७' नावाची एक रेकॉर्ड आहे. पॅरिसमध्ये 'सर्क दिव्हेर', म्हणजे हिवाळी सर्कस, नावाची १८५२ साली बांधलेली एक गोलसर इमारत आहे. तिथे १९८७ साली कामारोन गायला, शेजारी बसून तोमातीतोने गिटार वाजवली, समोर माणसं बसली होती आणि ते सगळं टेपवर आलं. रेकॉर्ड बाजारात आली १९९९ साली. तोवर कामारोनला जाऊन सात वर्षं झाली होती. २००० साली लॅटिन ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा फ्लामेंकोचा पुरस्कार याच रेकॉर्डला मिळाला. म्हणजे गाणारा हयात नाही, मैफल तेरा वर्षांपूर्वीची, आणि तरी त्या वर्षीचं सगळ्यात जिवंत गाणं तेच ठरलं.

मी ही रेकॉर्ड गेली तीन वर्षं ऐकतेय. मला स्पॅनिश येत नाही. बहुतेकांसारखी माझीही फ्लामेंकोशी ओळख 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधल्या 'सेन्योरिता'ने झाली. २०११ साल, मी नववीत. त्यानंतर बरीच वर्षं फ्लामेंको म्हणजे झालरीचा झगा, टाळ्या, टाचांचा कडकडाट आणि कुणीतरी देखणं, एवढंच डोक्यात होतं. जाणकारांच्या लेखी फ्लामेंकोचा गाभा म्हणजे गाणं, आणि गिटार व नाच त्याच्या आधाराने उभे राहतात, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही ऑफिसात.

मी व्हिडिओ कॉलमधला गोंगाट काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तुम्ही स्वयंपाकघरात बसून मीटिंग करताय, मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली, वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू आहे, गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, आणि पलीकडच्या माणसाला यातलं काहीच ऐकू आलं नाही, तर ते आमच्यासारख्या लोकांचं काम. आम्ही आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंप्रतेला किती जोर आहे ते मोजतो. मग मॉडेल प्रत्येक खान्यावर शून्य ते एकच्या मधला एक आकडा ठेवतं. एक म्हणजे ठेव, शून्य म्हणजे पुसून टाक. हे त्याला शिकवायचं कसं? स्वच्छ बोलण्याचे हजारो नमुने घ्यायचे, त्यांत मुद्दाम गोंगाट मिसळायचा आणि मॉडेलला सांगायचं, 'यातून पहिलं शोधून काढ.' लाखो वेळा हे केलं की त्याला कळायला लागतं, माणूस कुठला आणि कचरा कुठला.

हे मॉडेल कुठे फसतं ते शोधणं हा माझ्या कामाचा भाग आहे. घोगरे आवाज, रडवेले आवाज, दम लागलेले आवाज. मी असे नमुने गोळा करत होते तेव्हा एका सहकाऱ्याने एक फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, 'हा चालवून बघ. आपलं मॉडेल रडेल.'

मॉडेल रडलं नाही. त्याने शांतपणे आपलं काम केलं. गिटार हे त्याच्या लेखी संगीत, संगीत म्हणजे गोंगाट, त्यामुळे गिटार गेली. टाळ्या गेल्या. लांबून आलेले, खोलीत घुमलेले लोकांचे आवाज गेले. मग कामारोनने एक लांब 'आय' घेतला. हा 'आय' म्हणजे शब्द नाही, आपल्या 'आई गं'मधला जो उद्गार आहे तसला काहीतरी. मॉडेलने तो पहिला अर्धा सेकंद ठेवला. पण माणसं बोलताना इतका वेळ एकाच स्वरावर थांबत नाहीत. इतका वेळ फक्त सायरन नाहीतर मिक्सर वाजतो. त्यामुळे त्याने तो स्वर हळूहळू कमी करत नेला आणि पुसून टाकला. उरलं काय, तर मधूनमधून एक माणूस कुणाशी तरी तुटक भांडतोय असं काहीतरी. आमच्या मोजपट्टीवर निकाल उत्तम होता. गोंगाट जवळजवळ शून्य.

मी हेडफोन लावले आणि मूळ फाइल ऐकली. मग पुन्हा ऐकली. त्या दिवशी दुसरं फारसं काही काम झालं नाही.

*

कामारोनचं खरं नाव होसे मोन्खे क्रूस. १९५० साली अंदालुसियातल्या कादिसजवळच्या सान फर्नांदो गावात, एका खितानो कुटुंबात जन्म. खितानो म्हणजे स्पेनमधले रोमा. वडील लोहारकाम करायचे. 'कामारोन' म्हणजे कोळंबी. लहानपणी तो गोरा, भुरक्या केसांचा आणि काडीसारखा होता, म्हणून घरातल्याच कुणीतरी पाडलेलं नाव आयुष्यभर चिकटलं. १९६९ ते १९७७ या काळात त्याने पाको दे लुसियाच्या गिटारसोबत एकामागोमाग एक नऊ रेकॉर्डी केल्या. १९७९ साली 'ला लेयेंदा देल तिएम्पो' आली. तीत इलेक्ट्रिक वाद्यं होती, ड्रम होते, आणि एका अंगाईत तर चक्क सतार. परंपरावाले चिडले. १९८९ साली त्याच्या मागे लंडनची रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा उभी राहिली. २ जुलै १९९२ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा तो फक्त ४१ वर्षांचा होता.

यातल्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी मी नंतर ऐकल्या. चांगल्याच आहेत, काही तर थोर आहेत. पण पॅरिसच्या मैफलीत जे होतं ते त्यांत वेगळ्या रूपात आहे. स्टुडिओत चुकलं तर परत घेता येतं, आणि ही सोय ऐकू येते. गाणारा सुरक्षित असतो. पॅरिसमध्ये तो वरच्या स्वराकडे निघतो तेव्हा आवाज मध्येच फाटतो, एखाद्या जुन्या सुती कापडासारखा, आणि त्या फाटलेल्या आवाजानेच तो वर पोहोचतो. पोहोचेल की नाही हे त्याला स्वतःलाही माहीत नाही असं प्रत्येक वेळी वाटतं.

हा फाटलेपणा म्हणजे घसा खराब असल्याची खूण नव्हे. फ्लामेंकोत आवाजाच्या अशा खरखरीला नाव आहे, घराणं आहे. एकोणिसाव्या शतकात एल फिल्यो नावाचा गायक होऊन गेला. त्याच्यासारखा घोगरा, भरड आवाज तो 'आफिल्या' आवाज. खेरेस गावची तिया आनिका ला पिरिन्याका नवरा वारल्यानंतर, उतारवयात लोकांसमोर गायला लागली. ती सांगायची की गाणं मनासारखं लागलं की तोंडात रक्ताची चव येते. आपल्याकडे आवाज लावण्याचं शिक्षण म्हणजे आवाज गोल, मोकळा, न थकणारा करण्याचं शिक्षण. इथे थकलेला आवाज लपवायचा नसतो, तोच पुढे आणून ठेवायचा असतो.

स्वर मात्र आपल्या कानाला परके वाटत नाहीत. फ्लामेंकोतलं बरंचसं गाणं ज्या स्वरांवरून खाली उतरतं, ते आपल्या भैरवी थाटाचे स्वर आहेत. शेवटी गिटार ज्या कॉर्डवर येऊन टेकते, तीत गंधार शुद्ध असतो, तेव्हा बसंत मुखारीची आठवण होते. 'सोलेआ' या प्रकारात बारा मात्रा असतात. पण आपल्या एकतालासारख्या दोन-दोनच्या सरळ सहा पेट्या नव्हेत. जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आवर्तनाचा पहिला भाग तीन-तीनच्या पावलांनी चालतो आणि दुसरा दोन-दोनच्या. चालता चालता कुणीतरी पाऊल बदलावं तसं. नेमकं या पाऊल बदलण्याच्या आसपास लोक ओरडतात.

*

या ओरडण्याला 'खालेओ' म्हणतात. 'ओले' तर सगळ्यांना माहीत असतं, पण त्याशिवाय 'हेच ते', 'असं गातात', 'बघा बघा' अशा अर्थाचे कितीतरी उद्गार आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लोक खूश होऊन कधीही ओरडतात. तसं नसतं. ओळ संपते, गायक श्वास घेतो, गिटार आवर्तन मिटवायला निघते, त्या फटीत तो 'ओले' पडतो. चुकीच्या जागी पडला तर ठेका मोडतो आणि सगळे वळून बघतात. म्हणजे ओरडणाऱ्यालाही मात्रा मोजता यावी लागते. खालेओ हा गाण्याचाच भाग आहे, फक्त तो गायकाच्या तोंडून येत नाही.

हे मला समजावून सांगायला कुणा स्पॅनिश माणसाची गरज पडली नाही. मी मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणं होतं. बाबा मला लहानपणापासून तिथे घेऊन जायचे. मी अर्धा वेळ झोपलेली असायचे, त्यांच्या मांडीवर. पण झोपेतही एक गोष्ट कानावर पडत राहायची: बाबांची दाद. ते 'वाहवा' म्हणत नसत. समेच्या जरा आधी, गाणारा जागेवर येणार हे कळल्यावर, त्यांच्या छातीतून नुसता 'हं' यायचा. डोकं त्यांच्या अंगाला टेकलेलं असल्यामुळे मला तो ऐकू येण्याआधी जाणवायचा.

तसाच 'हं' गोष्टीला लागतो. माझी आजी गोष्ट सांगताना अट घालायची, हुंकार दिला तर पुढे सांगेन. हुंकार थांबला की ती गोष्ट थांबवायची आणि विचारायची, झोपलीस का गं? तिला हवं होतं ते कौतुक नव्हतं. ती सांगत होती तोवर कुणीतरी तिच्याबरोबर चालत असल्याची खूण तिला हवी होती.

आता आमच्या मॉडेलकडे या. 'हं' लांबीला अगदीच छोटा. जोर कमी, त्यात व्यंजन जवळपास नाहीच, आणि तो नेमका समोरचा बोलत असताना येतो. मॉडेलला तो श्वास, घसा खाकरणं किंवा खुर्ची सरकणं वाटतो. ते त्यावर शून्य ठेवतं.

आई गेल्यापासून बाबा रोज रात्री साडेनऊला फोन करतात. त्यांच्या फोनवरचं ॲप आमचं नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, पण कारागिरी तीच. ते बोलतात ते फार काही नसतं. पाणी आज उशिरा आलं, शेजारच्या काकूंनी पुरणपोळी दिली, पेन्शनचं काम झालं नाही. मी 'हं', 'हं' म्हणत ऐकते. आणि दर दोन मिनिटांनी ते थांबून विचारतात, "आहेस ना गं?"

"आहे की बाबा. ऐकतेय."

"नाही, आवाज आला नाही म्हणून."

सुरुवातीला मला वाटायचं, एकटे पडलेत म्हणून विचारतात. मग एकदा दुसऱ्या फोनवर स्वतःचाच कॉल लावून बघितला. माझा एकही 'हं' पलीकडे पोहोचत नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याला हुंकार दिला, तो रोज रात्री एका संपूर्ण शांततेत बोलत होता. नेटवर्क उत्तम होतं, आवाज अत्यंत स्वच्छ होता.

*

मी हा विषय टीमच्या मीटिंगमध्ये काढला. आधी आकडे दाखवले, कारण आमच्याकडे आकड्यांशिवाय कुणी ऐकत नाही. मग म्हटलं, अर्धा मिनिट एक गाणं लावते. आधी आमच्या मॉडेलमधून गेलेलं कामारोनचं गाणं लावलं, मग मूळ. दुसऱ्या वेळी स्पीकरवर तो 'आय' सुरू झाला आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. एकाने लॅपटॉप बंद केला.

मग आमचा मॅनेजर म्हणाला, "सुंदर आहे. पण मीटिंगमध्ये कोण असं गातं?"

त्याचं बरोबरच आहे. ज्या आईचं बाळ शेजारी रडतंय आणि जिला क्लायंटशी बोलायचंय, तिला हे सॉफ्टवेअर हवंच आहे. मी त्याच्या विरोधात नाही, माझा पगारही त्यातूनच येतो. माझं म्हणणं इतकंच होतं की ऐकणाऱ्याचा आवाज हा गोंगाट नव्हे. कॉलवर बोलणारा एक आणि बाकीचे म्यूट, अशा पद्धतीची आपल्याला इतकी सवय झालीय की ऐकणाराही आवाज करतो हेच आपण विसरलोय. शेवटी ठरलं ते असं: छोट्या हुंकारांचे नमुने पुढच्या वेळी शिकवताना वाढवायचे, आणि संगीतासाठी 'मूळ आवाज' असं एक बटण सेटिंग्जमध्ये द्यायचं. ते बटण तीन मेनू आत आहे. नमुन्यांत मराठी 'हं', तमिळ 'म्म्', पंजाबी 'हांजी' असं बरंच काही आलं. ते गोळा करताना मजा आली. बाबांच्या कॉलवर त्याचा काहीच परिणाम होणार नव्हता.

*

फ्लामेंकोबद्दल थोडं जरी वाचायला घेतलं तरी 'दुएंदे' हा शब्द आडवा येतोच. कवी लोर्काने १९३३ साली ब्युनोस आयर्समध्ये यावर एक भाषण दिलं होतं. त्यात तो निन्या दे लोस पेइनेस या थोर गायिकेची गोष्ट सांगतो. कादिसच्या एका गुत्त्यात ती गात होती. आवाज अप्रतिम, हरकती निर्दोष, आणि ऐकणारे थंड. तेवढ्यात एका बुटक्या माणसाने खवचटपणे पॅरिसचा जयजयकार केला. मतलब असा की सफाई, कारागिरी, नजाकत हे सगळं पॅरिसवाल्यांना दाखव, आम्हाला दुसरंच काहीतरी हवंय. ती उठली, तिने बडीशेपेची जहाल दारू पेलाभर घशात ओतली आणि जळत्या घशाने, सगळी सफाई मोडून गायला बसली. मग गुत्ता पेटला.

ही गोष्ट कितपत जशीच्या तशी घडली हा भाग सोडा. मला गंमत वाटते ती पॅरिसची. ज्या शहराचं नाव घेऊन सफाईची टर उडवली, त्याच शहरातल्या एका सर्कशीच्या इमारतीतून आपल्याला ही फाटक्या आवाजाची रेकॉर्ड मिळाली.

पण लोर्का आणखी एक गोष्ट म्हणतो, आणि तिने मला बरेच दिवस अडवलं. त्याच्या मते दुएंदे पुन्हा येत नाही. वादळातल्या लाटा जशा तशाच पुन्हा उठत नाहीत, तसा. मग मी दोनशेव्यांदा प्ले दाबते तेव्हा काय ऐकते? फाइल तर बाइट न् बाइट तीच आहे. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे पटकन मान्य होत नाही: एक तर गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये आहे, किंवा नाही.

मला सापडलेलं उत्तर असं आहे. मला पुढचं माहीत असतं, पण त्या रेकॉर्डवरच्या कुणालाच माहीत नसतं. गाणाऱ्याला माहीत नाही की वरचा स्वर लागेल. गिटारवाल्याला माहीत नाही की हा किती थांबेल, म्हणून तो बोटं आवरून वाट बघतो. समोरच्या माणसांना तर काहीच माहीत नाही, आणि स्वर लागतो तेव्हा त्यांच्या तोंडून जे येतं ते ठरवून आलेलं नसतं. रेकॉर्डिंगमध्ये साठून राहिलंय ते हे माहीत नसणं. ते कितीही वेळा ऐकलं तरी शिळं होत नाही, कारण त्या माणसांना ते कधीच माहीत होणार नसतं. स्टुडिओत चौथ्या टेकला हे माहीत नसणं संपतं. आणि मैफलीतले लोकांचे आवाज पुसले की त्या प्रसंगाचे साक्षीदारच नाहीसे होतात.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा बघायचा असेल तर यूट्यूबवर 'रितो इ खेओग्राफिया देल कान्ते' शोधा. स्पॅनिश टीव्हीने १९७१ ते १९७३ या काळात केलेली, सुमारे शंभर भागांची ब्लॅक अँड व्हाइट मालिका. हे लोक कॅमेरा घेऊन थेट गायकांच्या घरी, अंगणात, गुत्त्यात गेले. तिच्यात फेर्नांदा दे उत्रेरा आहे, सोलेआची राणी. तिचा आवाज इतका घोगरा की पहिल्या ओळीला वाटतं, हिला बोलताही येणार नाही. ती गाते तेव्हा स्वर घशातून ओढून काढते, आणि आसपासची माणसं त्या ओढण्याला हात लावल्यासारखी उद्गारतात. तिथे मंच आणि प्रेक्षक असं काही उरतच नाही.

*

आता एक इशारा. फ्लामेंकोवर काही लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, 'हे तर आपलंच! जिप्सी भारतातूनच गेले ना?' रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषा आणि जनुकं दोन्ही सांगतात. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ची. १७४९ साली स्पेनच्या राजाने एका मोहिमेत हजारो खितानो माणसं पकडून डांबली, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. पण फ्लामेंको हे गाणं त्यांनी इथून गाठोड्यात बांधून नेलं नव्हतं. ते अंदालुसियात, तिथल्या इतर गरिबांच्या आणि अरबी, ज्यू, ख्रिस्ती सुरांच्या शेजारात घडलं, आणि त्याच्या ठोस नोंदी मिळतात त्या अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या. ते त्यांचं आहे. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करून ते आपलं होणार नाही.

पण शब्द मात्र त्यांच्याबरोबर गेले. खितानोंच्या बोलीचं नाव 'कालो', म्हणजे काळा. पाण्याला ते 'पान्यी' म्हणत. आणि 'दुका' म्हणजे, तुम्ही ओळखलंच असेल, दुःख. हा शब्द फ्लामेंकोच्या गाण्यांतही येतो. घर, जमीन, देव, व्याकरण, सगळं वाटेत बदललं किंवा सुटलं, आणि पाणी आणि दुःख एवढं सोबत राहिलं. हे वाचलं त्या दिवशी मी रेकॉर्ड ऐकली नाही.

*

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा बाबांना म्हटलं, एक ऐकवते. हेडफोन द्यायला गेले तर म्हणाले, "ते कानात नको घालू. मला एकट्याला ऐकवून तू काय करणार?" मग फोन पितळी तांब्यात उभा केला, आमचा घरगुती स्पीकर. गाणं सुरू झालं.

बाबा पहिला मिनिटभर गंभीर. मग म्हणाले, "याचा घसा बसलाय. हळद-दूध द्या कुणीतरी."

मी काही बोलले नाही. गिटारने एक तुकडा वाजवला. कामारोन पुन्हा 'आय'ने सुरू झाला, वर निघाला, आवाज फाटला, तसाच वर गेला, आणि खाली उतरायला लागला. ओळ संपत आली. पॅरिसमधली माणसं ओरडली. त्यांच्या जरा आधी, माझ्या शेजारी, बाबांच्या छातीतून 'हं' आला.

त्यांना मी जेलेओ-खालेओ काही सांगितलं नव्हतं. बारा मात्रांचंही नाही. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील, कुठला देश, कुठली भाषा विचारतील. त्यांनी विचारलं, "एकटाच गातोय का हा? की लोक आहेत समोर?"

"आहेत ना. ते ओरडले ते."

"हां. मग ठीक आहे," ते म्हणाले.

आता रोजच्या फोनवर मी 'हं' म्हणत नाही. पूर्ण शब्द बोलते: 'बरं', 'मग?', 'अरे वा', 'असं कसं'. मोठ्याने, ॲपला पुसता येणार नाही अशा बेताने. बाबांचं 'आहेस ना?' कमी झालंय, पण थांबलेलं नाही. रविवारी ते स्वतःहून सांगतात, "तो घसा बसलेला लाव गं." मग मी माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड लावते, कॉलमधली गोंगाट काढण्याची सोय तीन मेनू आत जाऊन बंद करते, माझ्या पंख्याचा आवाज, खालच्या रिक्षा, शेजाऱ्यांचा टीव्ही हे सगळं त्यांच्याकडे जाऊ देते, आणि दोघं ऐकत बसतो.